फोटो आवरताना डिलीट शेवटी: मोठा संग्रह लावण्याची आणि डुप्लिकेट काढण्याची पद्धत

मोबाइल भरला की कुणीतरी डुप्लिकेट काढायचं ॲप टाकतं, ‘सगळे निवडा’ दाबतं आणि आठ-दहा जीबी मोकळे झाले म्हणून निर्धास्त होतं. महिन्याभराने घरातल्या कुणाचा तरी फोटो फ्रेम करायला नेला जातो आणि लॅबवाला सांगतो, ‘हा मोठा केला की फाटतोय, मूळ फोटो आणा.’ मूळ फोटो तर ॲपने काढून टाकलेला असतो. उरलेली असते ती व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत. लातूरला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि लग्नसराई संपली की ही तक्रार घेऊन लोक येतात. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. डिलीट ही शेवटची पायरी, आणि लोक तिथूनच सुरुवात करतात.

फरक किती पडतो ते एका फोटोवरून सांगतो. २३ डिसेंबर २०२२, वेळ अमावस्या, म्हणजे आमच्या भागात शेतात जाऊन साजरा करायचा सण. आजी शेतात कडब्याच्या कोपीसमोर (छोट्या खोपीसमोर) बसलेली, हातात आंबिलाचा तांब्या. माझ्या फोनमधला मूळ फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, चार एमबीच्या वर. हाच फोटो घरच्या ग्रुपवरून फिरून परत आला तेव्हा १६०० बाय १२०० चा झाला होता, आकार २१० केबी, आणि नावातली तारीख २४ डिसेंबर, कारण बहिणीने तो दुसऱ्या दिवशी पाठवला होता. मूळ फोटो मोठा केला की कोपीच्या आत पूजेला मांडलेले, चुन्याने रंगवलेले पाच पांडवांचे दगड नीट मोजता येतात. प्रतीत तिथे नुसते पांढरे ठिपके आहेत. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर मूळ फोटो १३ इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो, प्रत सव्वापाच इंचांवर संपते. फोनच्या छोट्या पडद्यावर मात्र दोन्ही अगदी एकसारखे दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

## सुरुवातीआधीची तयारी

कामासाठी एक मोकळी हार्ड डिस्क लागेल, आणि टप्पा ३ मधल्या प्रतीसाठी दुसरी. सगळे फोटो मिळून २०० जीबी होतील असा अंदाज असेल तर कामाची डिस्क निदान ५०० जीबीची घ्या, कारण काम चालू असताना काही फोटो दोनदा ठेवावे लागतात. हे काम फोनवर करू नका, पेनड्राइव्हवरही करू नका. पेनड्राइव्हवरून किंवा केबलने जोडलेल्या फोनमधून डिलीट केलेली फाइल संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते.

मग विजेचा विचार. जुन्या यूएसबी जोडणीवर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे २०० जीबी उतरायला दोन तासांच्या आसपास, आणि बारीक फाइल्स जास्त असतील तर त्याहून अधिक. आपल्याकडे मध्येच लाइट जाते. डेस्कटॉपवर काम असेल तर इन्व्हर्टरचा आधार घ्या, नाहीतर चार्ज केलेला लॅपटॉप वापरा. कॉपी चालू असताना डिस्क बंद पडली तर अर्धवट उतरलेल्या फाइल्स राहतात. त्यांचं नाव बरोबर दिसतं, पण उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा असतो.

शेवटची तयारी क्लाउडची. फोनवर गूगल फोटोजचं बॅकअप चालू असेल तर फोन आणि क्लाउड एकमेकांना बांधलेले असतात. ॲपमधून क्लाउडवरचा फोटो डिलीट केला की फोनमधलाही जातो. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयफोनच्या ‘रिसेंटली डिलिटेड’मध्ये ३० दिवस. त्यानंतर तो परत आणता येत नाही. म्हणून सगळं काम संपेपर्यंत घरातल्या कुणीही फोनवर सफाई करायची नाही, एवढं सांगून ठेवा. ‘जागा मोकळी करा’ हे बटणही या काळात कुणी दाबू नये.

## टप्पा १: फोटो कुठे-कुठे आहेत ते कागदावर लिहा

हा टप्पा सगळेच टाळतात. वही घ्या आणि लिहून काढा: चालू फोन, ड्रॉवरमधले बंद पडलेले जुने फोन, मेमरी कार्डं, लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेला पेनड्राइव्ह आणि डीव्हीडी, जुना संगणक, गूगल खाती (एकाच माणसाची दोन-तीन असतात), शिकायला पुण्याला गेलेल्या मुलाचा लॅपटॉप. जे गोळा झालं त्यापुढे खूण करा.

जुन्या डीव्हीडी सगळ्यात आधी उतरवा. त्या काळाबरोबर खराब होतात, आणि पुढच्या वर्षी वाचता येतीलच असं नाही.

## टप्पा २: सगळं एका डिस्कवर आणा, पण मिसळू नका

डिस्कवर ‘आवक’ नावाचं एक फोल्डर करा. त्याच्या आत प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं फोल्डर: ‘आईचा फोन’, ‘दादाचं मेमरी कार्ड’, ‘लग्न पेनड्राइव्ह’, ‘गूगल खातं १’. जिथून जे आलं ते तिथेच राहू द्या. पुढे दोन सारखे फोटो समोर आले की मूळ कोणता हे ठरवायला हीच माहिती लागते.

कायम कॉपी करा, कट करू नका.

फोन केबलने जोडल्यावर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा आणि एका दमात सगळं ओढू नका. हजार-दोन हजार फोटोंच्या तुकड्यांत घ्या, कारण या जोडणीत मोठी कॉपी मध्येच अडकते आणि कुठपर्यंत उतरलं ते कळत नाही. व्हॉट्सॲपचे फोटो नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या आत ‘मीडिया’मध्ये असतात. त्यांच्याजवळच ‘सेंट’ नावाचं फोल्डर असतं, आपण इतरांना पाठवलेल्या फोटोंच्या प्रती त्यात साठतात. तेही उतरवा, पण वेगळं ठेवा.

सावध: ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का?’ असा प्रश्न आला तर ‘बदला’ कधीही दाबू नका, दोन्ही ठेवा. कॅमेऱ्यात फाइलचा क्रमांक चारच आकडी असतो. ९९९९ झाले की तो पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. म्हणजे एकाच नावाचे दोन फोटो, एक २०११ च्या बारशाचा आणि दुसरा २०१६ च्या साखरपुड्याचा, सहज असू शकतात.

गूगल फोटोजमधून एकदम सगळं घ्यायला ‘गूगल टेकआउट’ वापरा. त्यात दोन गोष्टी लोकांना गोंधळात टाकतात. एक, वर्षाच्या फोल्डरमध्ये असलेला फोटो अल्बमच्या फोल्डरमध्येही पुन्हा येतो. दोन, फोटोंसोबत जेसन (.json) प्रकारच्या बारक्या फाइल्स येतात. आपण गूगलमध्ये बदललेली तारीख किंवा लिहिलेली ओळ तिथे साठवलेली असते. कचरा समजून त्या आत्ताच काढू नका.

## टप्पा ३: हात लावण्याआधी दुसरी प्रत

‘आवक’ जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, वर कागद चिकटवून तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. सगळं काम संपेपर्यंत ती बाहेर काढायची नाही.

तपासणी: दोन्ही डिस्कवर ‘आवक’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. फाइल्सची संख्या आणि बाइटमधला आकार जुळला पाहिजे. मग वेगवेगळ्या फोल्डरमधले दहा-बारा फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ उघडून पाहा. व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवा. डिस्क जुन्या फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसतच नाही. लग्नाचे लांब व्हिडिओ इथेच गळतात.

संख्या जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: तंतोतंत डुप्लिकेट काढा

डुप्लिकेट दोन जातीचे असतात आणि त्यांना एकत्र हाताळणं ही दुसरी मोठी चूक. पहिली जात तंतोतंत: फाइलमधला बाइट न् बाइट सारखा, नाव वेगळं असलं तरी. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून एक सांकेतिक आकडा काढतं आणि आकडे जुळवतं. इथे चूक व्हायला जवळजवळ जागा नाही, म्हणून हे आधी. दुसरी जात नुसत्या सारख्या दिसणाऱ्या फोटोंची. ती टप्पा ७ मध्ये.

डूपगुरू हे मोफत सॉफ्टवेअर मी दुकानात वापरतो. साध्या मोडमध्ये ठेवा आणि तुलना ‘कंटेंट्स’वर करा, नावावर नाही. यात एक फार उपयोगी सोय आहे: एखादं फोल्डर ‘रेफरन्स’ म्हणून ठरवलं की त्यातली फाइल सॉफ्टवेअर काढूच देत नाही. ज्या फोल्डरवर तुमचा जास्त भरवसा आहे, म्हणजे मूळ फोनचं किंवा कॅमेऱ्याच्या कार्डाचं, त्याला रेफरन्स करा.

निकाल आले की डिलीट करू नका. ‘मूव्ह’चा पर्याय घेऊन खूण केलेल्या फाइल्स डिस्कवरच ‘बाजूला’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवा. जागा आत्ता मोकळी होणार नाही, पण चुकलं तर परतीची वाट राहते.

सावध: ‘सगळ्यात नवी फाइल ठेवा’ असा सरसकट नियम कधीही लावू नका. कॉपी केल्यावर विंडोज ‘तयार झाल्याची तारीख’ नवी टाकतं, त्यामुळे मूळ फाइल जुनी दिसते आणि तीच बळी जाते.

जोडीच्या फाइल्स तोडू नका. आयफोनच्या लाइव्ह फोटोत एक चित्र आणि एक छोटा व्हिडिओ असतो. फोटोग्राफरकडून रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) मिळाल्या असतील तर त्यांच्यासोबत त्याच नावाची जेपीजी असते. डुप्लिकेट म्हणून यातलं काही काढायचं नाही.

## टप्पा ५: तारखा दुरुस्त करा

कॅमेरा फोटो काढतो तेव्हा फाइलच्या आत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही लिहितो. याला एक्झिफ म्हणतात. फोटोची खरी तारीख हीच. फाइल कधी कॉपी झाली, कधी बदलली या तारखांवर विसंबू नका. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून एक्झिफ निघून जातं, नावातल्या तारखेवरून तो कधी फिरला एवढंच कळतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला फोटो मात्र जसाच्या तसा पोचतो. पुढे नातेवाइकांकडून फोटो मागवाल तेव्हा हे आवर्जून सांगा.

जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी उतरली की घड्याळ मागे जायचं. त्यामुळे २०१२ च्या लग्नाचे ३०० फोटो २००८ च्या १ जानेवारीला पडलेले सापडतात. एकेक सुधारत बसू नका. डिजीकॅम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अनेक फोटोंची वेळ एकदम पुढे-मागे सरकवता येते. एका फोटोची खरी वेळ शोधा (लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त आणि अक्षतांचा फोटो जुळवला की झालं) आणि तेवढाच फरक सगळ्यांना लावा.

स्कॅन केलेल्या फोटोंवर स्कॅनची तारीख असते. तिथे अंदाजे वर्ष घाला. नेमका दिवस माहीत नसेल तर १ जानेवारी टाका आणि नावात ‘अंदाजे’ लिहा.

## टप्पा ६: फोल्डर आणि नावं

इथे फार डोकं लावू नका. वर्षाचं फोल्डर, त्याच्या आत प्रसंगाचं. नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘2022-12-23 वेळ अमावस्या शेत’. म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. फोल्डरच्या नावात आकडे इंग्रजी कळफलकावरचेच टाका. काही मराठी, काही इंग्रजी झाले तर क्रम बिघडतो.

ज्या फोटोंना प्रसंग नाही ते महिन्याच्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. ‘इतर’, ‘नवीन’, ‘नवीन २’ अशी फोल्डरं करू नका.

गावाचं नाव एकदाच ठरवा. आपल्याकडे ही अडचण खरीच येते: २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, त्यामुळे एकाच घरच्या संग्रहात मावशीच्या घरचे फोटो दोन नावांखाली विखुरलेले सापडतात. कोणतंही एक नाव घ्या आणि जुन्या फोल्डरांनाही तेच लावा. येळवस आणि वेळ अमावस्या या एकाच सणाच्या दोन नावांचंही तसंच.

## टप्पा ७: सारखे दिसणारे फोटो

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त धोका इथे आहे. म्हणून तो इतका उशिरा घेतला.

इथे सॉफ्टवेअर फोटो अगदी लहान करून उजेड-अंधाराची आणि रंगांची ठेवण ताडून पाहतं. डूपगुरूचा ‘पिक्चर’ मोड आणि डिजीकॅमचं ‘डुप्लिकेट शोधा’ दोन्ही चालतात. माणूस ओळखणं, प्रसंग समजणं हे त्या तुलनेत येत नाही. म्हणून शोध सुरू करण्याआधी तीन प्रकारचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा आणि ते फोल्डर शोधातून वगळा.

कागदपत्रं आधी. सातबारा, आधार, बँकेची पासबुकं, शाळेचे दाखले. पांढरा कागद आणि त्यावर काळ्या ओळी, बघायला सगळे सारखे. दोन वेगवेगळ्या गटांचे सातबारे सॉफ्टवेअरने एकाच जोडीत दाखवलेले मी पाहिले आहेत.

नंतर शेताच्या नुकसानीचे फोटो. आडवं पडलेलं सोयाबीन आणि साचलेलं पाणी यांचे चार कोपऱ्यांतून घेतलेले चार फोटो त्याला एकच वाटतात. तुमच्यासाठी मात्र प्रत्येक फोटोतली तारीख, वेळ आणि ठिकाण हाच पुरावा आहे. ही मालिका अख्खी ठेवा, आणि मूळ फोनमधलीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून तलाठ्यांना पाठवलेल्या प्रतीत ठिकाणाची नोंद नसते.

तिसरे, लग्नातले विधी. मांडव तोच, अंतरपाट तोच, माणसं त्याच जागी. सप्तपदीचं तिसरं पाऊल आणि पाचवं पाऊल यांत सॉफ्टवेअरला काही फरक दिसत नाही.

बाकीच्यांसाठी सॉफ्टवेअरमधली साम्याची पट्टी आधी खूप वर, ९५ टक्के किंवा त्याहून जास्त ठेवा. तो गठ्ठा संपला की मगच थोडी खाली आणा. प्रत्येक जोडीत काय ठेवायचं, हे मी या क्रमाने ठरवतो:

1. ज्यात पिक्सेल जास्त आहेत तो.
2. पिक्सेल सारखे असतील तर ज्यात एक्झिफ आहे तो.
3. दोन्हींत असेल तर ज्याचा आकार मोठा आहे तो.
4. अजूनही ठरत नसेल तर डोळे. मोठा करून बघा, कुणाचे डोळे मिटलेत, कोण हललंय.

आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवा: त्यात फोटो एचईआयसी प्रकारात साठतो आणि दुसऱ्याला पाठवताना बरेचदा जेपीजी होतो. टप्पा ४ मध्ये हे दोन कधीच जुळणार नाहीत, जुळले तर इथेच जुळतील. मूळ एचईआयसी ठेवा.

सावध: एकच प्रत उरलेला व्हॉट्सॲप फोटो हा डुप्लिकेट नव्हे. तो कितीही अंधूक असला तरी तोच आता मूळ. ‘व्हॉट्सॲपचं फोल्डर सगळं उडवा’ हा सल्ला ऐकून लोकांनी गेलेल्या माणसांचे एकुलते एक फोटो घालवले आहेत. सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजलीची बॅनरं काढायची असतील तर लहान चित्रांच्या दृश्यात डोळ्यांनी निवडून काढा. हजार फोटोंना अर्धा तास लागतो. तो द्या.

जुन्या छापील फोटोंचं वेगळं सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात ज्यांची घरं पडली, त्यांच्याकडचे त्याआधीचे फोटो बहुधा पाहुण्यांच्या अल्बममधून परत मिळवलेले असतात. मग एकाच छापील फोटोचे चौघांनी चार फोनवर काढलेले फोटो जमतात, कुणाच्यात ट्यूबलाइटची चकाकी, कुणाच्यात कडा कापलेली. यातला एक ठेवून तीन काढण्याआधी ज्याच्याकडे मूळ छापील फोटो आहे त्याला शोधा आणि ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. फोटोच्या पाठीमागे काही लिहिलेलं असेल तर ती बाजूही स्कॅन करा. ते झाल्यावरच बाकीचे बाजूला करा.

## टप्पा ८: माणसांची नावं

डिजीकॅममध्ये चेहऱ्यांना नाव देता येतं. लग्नाच्या ग्रुप फोटोतली मागची रांग ओळखणारं माणूस घरात बहुधा एकच उरलेलं असतं. लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवा, विचारा आणि तिथेच टाइप करा. नावं फोटोच्या फाइलमध्ये लिहिली जातील अशी सेटिंग आधी चालू करा, नाहीतर ती त्या सॉफ्टवेअरपुरतीच राहतात आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की दिसत नाहीत.

## टप्पा ९: डिलीट, आणि तीन प्रती

‘बाजूला’ फोल्डर निदान एक महिना तसंच राहू द्या. घरच्यांना संग्रह चाळू द्या. ‘तो फोटो कुठे गेला’ असं कुणी विचारलं तर तिथे शोधा.

त्याच महिन्यात लावलेल्या संग्रहाच्या आणखी दोन प्रती करा. एकूण तीन झाल्या पाहिजेत आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असली पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात कितीतरी घरांत पाणी शिरलं. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन डिस्क तेव्हा एकत्रच भिजतात. भावाच्या घरी, लेकीच्या सासरी, किंवा पैसे भरून घेतलेल्या क्लाउडवर, कुठेही चालेल. गूगलची १५ जीबीची मोफत जागा मोठ्या संग्रहाला पुरत नाही, आणि १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेला प्रत्येक फोटो त्यातच मोजला जातो. क्लाउडवर चढवताना ‘मूळ दर्जा’ निवडा. ‘स्टोरेज सेव्हर’मध्ये फोटो दाबले जातात, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे असतील तर लहानही होतात.

डिस्क पत्र्याच्या पेटीत माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये तिथे हात लावता येत नाही इतकं तापतं. खालच्या खोलीतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. वर्षातून दोनदा जोडून काही फोटो उघडून बघा.

शेवटची तपासणी: तिन्ही प्रतींवर फाइल्सची संख्या जुळवा. मग प्रत्येक प्रतीवर घरातले पाच फोटो शोधा, जे गमावले तर तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल. प्रत्येकाचे पिक्सेल तपासा, तो मूळ आहे याची खात्री करा. पाचही तिन्ही ठिकाणी सापडले की ‘बाजूला’ फोल्डर काढून टाका. टप्पा ३ मधली कपाटातली डिस्क त्यानंतर पुसा.